अख्तरबानू आणि शिशाची भट्टी

येरवड्यात खाणीवरची वस्ती म्हणून एक वस्ती होती. दगडाची खाण केव्हाच बंद पडलेली, तिच्या काठाकाठाने घरं उठलेली. तिथे आमच्या संस्थेची बालवाडी चालायची आणि १९८१ साली मी तिथे शिक्षिका म्हणून लागले. मी राहायला शनिवार पेठेत. मनपाच्या थांब्यावर बस धरायची, नदीवरचा पूल ओलांडून उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. लग्न ठरेपर्यंत वेळ जावा म्हणून घेतलेली नोकरी होती. लग्न ठरलं, झालं, तरी मी जातच राहिले.

बालवाडीच्या समोरच्या घरात अख्तरबानू राहायची. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. सगळे तिला भाभी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ती परकर शिवायची. रविवार पेठेतला एक व्यापारी कापलेल्या कापडाचे गठ्ठे द्यायचा, ती शिवून परत पोचवायची. उजेडासाठी मशीन दारातच मांडलेलं असायचं, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं, तिला न बघता कळायचं. बोलणं बेताचं. मुलांनी गोंधळ घातला की मशीन थांबवून नुसतं बघायची, तेवढ्याने मुलं गप्प व्हायची. मला हे सात वर्षांत जमलं नाही.

तिचे वडील कल्हईवाले. मंडईच्या मागच्या गल्ल्यांमधून हाळी देत फिरायचे आणि लहानपणी ही त्यांचा भाता ओढायला बरोबर असायची. नवसागराच्या धुराने डोळे चुरचुरायचे, एवढीच त्या दिवसांची आठवण ती सांगायची. एक गोष्ट मात्र तिने मला बऱ्याचदा सांगितली होती. काही कल्हईवाले महाग कथलात स्वस्त शिसं मिसळायचे. अब्बांनी ते कधी केलं नाही. शिशाच्या भांड्यातलं आंबट खाल्लं तर माणूस मरतं, असं ते म्हणायचे.

तिचा नवरा युसूफ ट्रकवर हमाली करायचा. त्यांना एकच मुलगी, कमरजहां. आम्ही तिला कम्मो म्हणायचो.

१९८३च्या उन्हाळ्यात वस्तीच्या टोकाला भट्टी आली. ती जागा हिंदुरावांची. त्यांचं घराणं गावातलं जुनं शेतकरी. गाव शहरात गेलं, शेती संपली, गोठा तेवढा उरला होता. त्यावर नवे पत्रे घालून त्यांनी तो एका शेठला भाड्याने दिला. शेठ कधी दिसायचा नाही. कारभार संपत नावाचा मुकादम बघायचा.

तिथे ट्रकच्या, बसच्या, मोटारींच्या बाद झालेल्या बॅटऱ्या यायच्या. माणसं कुऱ्हाडीने त्या फोडायची, आतलं ॲसिड गटारात ओतायची, पट्ट्या काढून भट्टीत वितळवायची. मग शिशाच्या विटा ट्रकमध्ये भरून जायच्या. धुराडं वस्तीतल्या छपरांपेक्षा फार तर दोन हात उंच होतं. सगळ्यांना काम मिळालं म्हणून वस्ती खुशीत होती. युसूफची हमाली सुटली, रोज घराजवळच काम. बालवाडीच्या खिडकीवर करडी पूड बसायची, ती मी फडक्याने पुसायचे. मला त्यात काही वाटलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

बॅटऱ्यांचे फुटलेले काळे डबे उरायचे. त्यांचा भट्टीला उपयोग नव्हता. दुसऱ्या वर्षापासून संपत दर शनिवारी प्रत्येक कामगाराला त्या तुकड्यांचं एक पोतं घरी न्यायला द्यायचा. रॉकेलला तासन्तास रांग, लाकूड महाग, आणि हे तुकडे चुलीत घातले की कितीतरी वेळ जळत. आंघोळीचं पाणी तापायचं, भाकरी व्हायची. वास वाईट होता, पण वासाने कोणाचं अडत नाही. वस्तीतल्या तीस-चाळीस घरांत दोन हिवाळे तेच जळण होतं. अख्तरबानूच्या घरातही. हिवाळ्यात कम्मो सकाळी चुलीशी शेकत बसायची आणि तिथूनच उठून बालवाडीत यायची. तिच्या फ्रॉकला तो वास असायचा.

कम्मोला बडबडगीतं लवकर पाठ व्हायची. पाचवं वर्ष लागलं तसं तिचं पोट दुखायला लागलं. जंत असतील म्हणून मी औषध दिलं. मग ती वर्गात झोपायला लागली. पाठ झालेलं गाणं अर्ध्यावर विसरायची आणि माझ्याकडे बघत राहायची. चालताना पाय अडखळायचे. अंगावर रक्त नाही, चांगलंचुंगलं खायला घाला, असं मी अख्तरबानूला सांगितलं. ती बरं म्हणाली.

जानेवारी १९८६मध्ये एका सकाळी कम्मोला झटके आले. युसूफ कामावर होता. अख्तरबानूने आणि मी तिला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरबाई होत्या, हुशार आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. त्यांनी विचारलं, वडील काय करतात. अख्तरबानूने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "घरात चुलीत काय जाळता?"

अख्तरबानूने तेही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी समजावून दिलं. त्या डब्यांना शिसं लागलेलं असतं. जाळलं की धुरातून, राखेतून ते श्वासात जातं, हाताला लागतं, पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूवर चढतं. अख्तरबानू ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माझे अब्बा कल्हई करायचे. शिसं भांड्याला चालत नाही, हे मला माहीत होतं. धुराचं कोणी सांगितलं नव्हतं."

कम्मो अकरा दिवसांनी गेली. डॉक्टरबाईंनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं.

अख्तरबानू रडली नाही. बायका म्हणाल्या, आतल्या आत कुढतेय, रडू दे तिला. चौथ्या दिवशी ती मशीनवर बसली. मी समोरून बघत होते. शिवण सरळ पडत होती, नाडीचा नेफा जिथल्या तिथे येत होता. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, हाक मारली तर उठायची. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुःखही नव्हतं, म्हणून बायकांना तिची भीती वाटायला लागली.

महिन्याभराने ती बालवाडीत आली. मुलं गेली होती, मी झाडत होते. तिने माझ्याकडे हजेरीचं रजिस्टर मागितलं. पोट दुखतं म्हणून वर्षभरात कोण कोण घरी राहिलं, ते मला मोजायला सांगितलं. तिला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मी मोजलं. चोपन्न मुलांमध्ये एकतीस.

ती म्हणाली, "चला, बघून येऊ."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर फिरायला लागलो. ती मुलाला समोर उभं करायची, अंगठ्याने ओठ वर करायची आणि मला लिहा म्हणून खूण करायची. रेघ आहे, रेघ नाही. मी वहीत नाव लिहायचे. प्रत्येक घरात ती एकच वाक्य बोलायची: ते तुकडे जाळू नका, माझ्या मुलीचं असं झालं. हे ती नळाला पाणी आलं सांगावं तसं सांगायची. मला आधी ते खटकलं. नंतर वाटलं, वेगळ्या कुठल्या आवाजात सांगायचं होतं तिने?

पहिल्या आठवड्यात बायकांनी ऐकून घेतलं. काहींनी पोती बाहेर काढली. तिने ती सगळी आपल्या घरामागे रचली. मग तिने पुढचं बोलायला सुरुवात केली, की नुसते तुकडे नाहीत, भट्टीच इथून गेली पाहिजे. तेव्हा वस्ती फिरली.

शेजारच्या बायडाबाईचे दोन मुलगे भट्टीवर होते. तिने अख्तरबानूला नळावर अडवलं. मी तिथे होते. "तुझी पोर गेली त्येचं मला वाईट वाटतंय," बायडाबाई म्हणाली. "पन माझी दोन पोरं तिथंच राबत्यात. भट्टी गेली तर चूल कशी पेटायची, त्ये सांग."

अख्तरबानू म्हणाली, मला माहीत नाही. त्या दिवसापासून नळाच्या रांगेत तिची कळशी कोणीतरी मागे सारायचं. ती पुन्हा मागून रांग धरायची.

घरात युसूफही बोलेनासा झाला. तो वाईट माणूस नव्हता. मुलगी गेल्यावर तो तीन दिवस घरी बसला आणि चौथ्या दिवशी कामावर गेला, जसं अख्तरबानूने केलं तसंच. त्याने तिला एकदाच सांगितलं, शिवत बस. तिने त्याला पानात वाढलं, तो जेवला, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्याबरोबर फिरली.

अर्ज मी लिहायचे. "विनंती विशेष" पासून "आपली नम्र" पर्यंत सगळं शुद्ध. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा तेवढाच उपयोग झाला. अर्जाखाली अख्तरबानूचा अंगठा आणि फार तर सातआठ बायकांची नावं. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत आम्ही जायचो. भोपाळची गोष्ट तेव्हा ताजी होती, त्यामुळे धूर म्हटलं की माणसं मान वर करून बघायची तरी. एकदा पाहणीला साहेब आले, त्या दिवशी भट्टी गार होती आणि आवारात पाणी मारलं होतं. संपतने त्यांना चहा दिला. साहेबांनी जे दिसलं ते लिहून नेलं.

डॉक्टरबाई मात्र आमच्यासाठी एका रविवारी स्वतः वस्तीत आल्या. मुलांचं रक्त घ्यायचं ठरलं. त्यांनी नमुने मुंबईला पाठवायची सोय केली होती. आम्ही बालवाडीत टेबल मांडलं. दहा वाजेपर्यंत कोणीच आलं नाही. अख्तरबानू बाकावर हात मांडीत घेऊन बसून होती. मग बायडाबाई आली, नातीला कडेवर घेऊन. नातीचं रक्त दिलं आणि गेली. तिच्यामागून एकेक करत बावीस मुलं आली.

अडीच महिन्यांनी कागद आला. बावीसपैकी एकोणीस मुलांच्या रक्तात शिसं होतं, सातांच्या तर फारच.

१९८७च्या पावसाळ्यानंतर अख्तरबानू भट्टीच्या फाटकासमोर जाऊन बसली. पहिल्या दिवशी एकटी. बॅटऱ्यांचा ट्रक आला, ती उठली नाही. संपतने आधी समजावलं, मग शिव्या दिल्या. पोलीस आले, त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं, ती बाजूला झाली. ते गेल्यावर पुन्हा पहिल्या जागी बसली. बसल्याबसल्या हाताने परकराच्या नाड्या घालायची, कारण कामाचे गठ्ठे थांबत नव्हते. आठवड्याने चार बायका आल्या, मग नऊ. बालवाडी सुटली की मीही जायचे. माझ्या सासरी ते आवडलं नाही. सासरे म्हणाले, "सूनबाई हल्ली रस्त्यावर बसतात म्हणे. चांगलं आहे, मोकळी हवा मिळते." मी तरीही जात राहिले.

हिंदुराव एक दिवस तिथे आले. वयस्कर गृहस्थ, डोक्याला पागोटं. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मला ठावं नव्हतं ह्यात इख हाय. मी गोठा दिलता." अख्तरबानूने मान हलवली. मी म्हटलं, मग जागा रिकामी करून घ्या. ते म्हणाले, लिहून दिलंय पाच वर्षांसाठी. मग निघून गेले. त्यांनी कधी आमच्याविरुद्धही काही केलं नाही.

ट्रक अडले, माल अडला, तेव्हा सुनावणी लागली. एप्रिल १९८८. कचेरीतल्या एका लांब खोलीत पंखा चालू होता. समोर सुनावणी घेणारे साहेब, एका बाजूला शेठचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. डॉक्टरबाईंनी कागद दाखवले. मग वकिलांनी अख्तरबानूला उभं केलं. त्यांचा आवाज सौम्य होता. त्यांनी विचारलं, भट्टीने तुम्हाला डबे जाळायला सांगितलं होतं का? ती नाही म्हणाली. मग तुमच्या घरात ते कोणी जाळले?

"मी," अख्तरबानू म्हणाली. "दोन हिवाळे. ती शेजारी बसायची. तिला ऊब लागावी म्हणून मी जास्त घालायची."

वकिलांनी कागद खाली ठेवला.

मग शेठच्या बाजूने साक्षीदार बोलावला. तो युसूफ होता. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. अख्तरबानूलाही ठाऊक नव्हतं, ती सकाळी त्याला भाकरी बांधून देऊन आली होती. त्याने साक्ष दिली. कामगारांची तब्येत चांगली आहे. हातमोजे मिळतात. पाच वर्षं काम करतो, मला काही त्रास नाही. एवढं सगळं त्याने एका दमात सांगितलं, समोरच्या भिंतीकडे बघत. कारकुनाने ते लिहून घेतलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

त्याला पेन धरता येईना. तो पेन बोटांत घ्यायचा आणि मनगट खाली झुकायचं. दुसऱ्यांदा घेतलं, तसंच झालं. डॉक्टरबाई उठल्या आणि साहेबांची परवानगी घेऊन त्याला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितलं. डावा हात सरळ राहिला. उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबला. त्याने तो डाव्या हाताने वर उचलला, सोडला, तो पुन्हा खाली गेला. डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, दिवाळीपासून. आता कुऱ्हाड डाव्या हाताने मारतो.

मी अख्तरबानूकडे पाहिलं. ती त्याच्या हाताकडे बघत होती. सहा महिने एका घरात जेवूनही तिला तो हात दिसला नव्हता. तिने नंतर खिडकीकडे तोंड फिरवलं, बस.

तीन आठवड्यांनी भट्टी बंद करण्याचा हुकूम आला. मी धावत वस्तीत गेले. ती मशीनवर होती. मी वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं, "बरं झालं" म्हणाली आणि मला बसायला पाट दिला. मशीन चालूच होतं. मला वाटलं होतं, आज ती रडेल. मी स्वतःच रडले आणि मला लाज वाटली.

पत्रे उतरवले, धुराडं पाडलं. चाळीसेक माणसांचं काम गेलं. काही विटांच्या गाड्यांवर गेली, काही बांधकामांवर. बायडाबाईचा धाकटा मुलगा गाव सोडून कुठेतरी गेला तो परत आला नाही. बायडाबाई पुढे अख्तरबानूशी कधी बोलली नाही. नळावर मात्र अख्तरबानूची कळशी आता कोणी मागे सारत नव्हतं.

युसूफचं मनगट थोडंफार सुधारलं, पूर्ण नाही. तो परकरांचे गठ्ठे सायकलवर बांधून रविवार पेठेत पोचवायला लागला. दोघं त्या साक्षीबद्दल कधी काही बोलली की नाही, मला माहीत नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही. ती त्याचं बटण लावून द्यायची, हे मी पाहिलं.

भट्टी संपली नव्हती. शेठने ती शहराच्या हद्दीबाहेर, सोलापूर रस्त्याच्या आतल्या एका खेड्यात हलवली. संपत तिकडे गेला. ही बातमी युसूफनेच आणली. अख्तरबानूने मला विचारलं, येता का. आम्ही एसटीने गेलो. खेड्यात एका शेताच्या बांधावर तेच पत्रे, तेच धुराडं. घरांच्या मागे काळ्या तुकड्यांचे ढीग. ती एका दारात उभी राहिली आणि आतल्या बाईला तेच वाक्य सांगितलं, ते तुकडे जाळू नका, माझ्या मुलीचं असं झालं. त्या बाईने दार लावून घेतलं. दुसऱ्या दारात एका म्हातारीने आम्हाला चोर म्हटलं. आम्ही परत आलो. ती आणखी दोनदा गेली, एकदा माझ्याशिवाय. तिसऱ्या वेळी काही बायकांनी तिला पाणी दिलं, असं तिने सांगितलं. किती जणींनी जाळणं थांबवलं ते कळायला मार्ग नव्हता. पुढे तिथे काय झालं, मलाही माहीत नाही.

त्याच वर्षी मला मुलगा झाला आणि मी बालवाडी सोडली.

मधली बरीच वर्षं आमची भेट वर्षातून एखाद्या वेळी व्हायची. २००४ साली हिंदुरावांच्या मुलांनी ती जागा बिल्डरला दिली. अख्तरबानूने मला फोन करवला. खोदाई सुरू झाली होती आणि तिथली शिसं मुरलेली माती ट्रकमधून कुठेतरी नेत होते. तिला ती माती कुठे टाकतात ते हवं होतं. आम्ही दोघी साइटवर गेलो. पोरगेल्या इंजिनियरने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या. "आंटी, कॉन्ट्रॅक्टरचं काम आहे ते, आम्हाला आयडिया नाही," म्हणाला. ती त्याला सांगत बसली, इथे काय होतं, किती मुलं होती. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, फोन वाजला तरी घेतला नाही. पण मातीचं त्याला खरंच माहीत नव्हतं. ट्रक आमच्या समोरून जात होते. तिने दोघातिघा ड्रायव्हरना विचारलं. प्रत्येकाने वेगळं गाव सांगितलं.

परतताना मी तिला रिक्षात विचारलं, इतकी वर्षं मनात होतं ते. भाभी, तुम्हाला तेव्हा काय वाटायचं?

तिने विचार करून सांगितलं. "काही नाही वाटायचं, शालूबाई. मी वाट बघायची, वाटेल म्हणून. मग काम असायचं."

युसूफ २०११मध्ये गेला. अख्तरबानू आता भावाच्या मुलाकडे कोंढव्याला असते. डोळ्यांनी अंधुक दिसतं, शिवण सुटली. गेल्या महिन्यात मी नातीला घेऊन गेले होते. तिने मला ओळखलं, माझ्या नातीला जवळ बोलावलं. पोरीचा गाल हाताने चाचपला आणि अंगठ्याने तिचा ओठ वर करून हिरडी बघायचा प्रयत्न केला. नात बिचकून माझ्यामागे लपली. मी म्हटलं, काही नाही भाभी, तिची ठीक आहे. ती बरं म्हणाली. भावाच्या सुनेने चहा आणला, आम्ही घेतला, आणि साडेपाचची बस धरून मी आणि नात घरी आलो.